नकटीचं नाक

रविवारी सकाळी दहाला मिरचीच्या बियांच्या वाटपाला सगळे येणार होते, आणि चूक आपलीच आहे हे आत्याला साडेआठलाच कळलं.

बियांसाठी राखलेल्या मिरच्यांना खूण म्हणून बांधायचा लाल दोरा ती शोधत होती. शिलाई मशीनच्या खणात हात घातला तर गेल्या वर्षीच्या पिशव्या हाती आल्या. मच्छरदाणीच्या कापडाच्या, बोटभर लांबीच्या, तोंडाशी नाडी ओवलेल्या. मिरचीच्या कळ्या उमलायच्या आत त्यांच्यावर चढवायच्या, म्हणजे मधमाशी दुसऱ्या मिरचीचे पराग आणून सोडत नाही. तिन्ही घरांच्या पिशव्या आत्याच शिवायची. गणवेशांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढलेली बाई, तिच्या हातच्या शिवणीला कोण नाव ठेवणार?

सवयीनं तिनं करंगळी पिशवीत घातली, आणि ती शिवणीतून बाहेर आली. दुसऱ्या पिशवीतून पुन्हा बाहेर. आत्या खुर्चीवर बसली आणि एकेक पिशवी बोटांनी चाचपत गेली. सतरांपैकी नऊ पिशव्यांची शिवण मध्येच कापड सोडून हवेत गेली होती. एवढ्या जागेतून मधमाशीच काय, तिचं सगळं गोत आत गेलं असतं.

पिशव्या तिनं परत खणात टाकल्या, खण बंद केला आणि बशा पुसायला घेतल्या.

दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, की पडद्याच्या मधला भाग वाळत चाललाय. कडेचं दिसत राहील, समोरचं जात राहील. तसंच झालं. आता तिला समोरच्या माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर धाकट्या भाच्यानं दुसऱ्याच दिवशी टेम्पो आणला असता. त्याच्या घरी एक खोली रिकामी होती, चौथ्या मजल्यावर. तो जमिनी मोजायच्या खात्यात होता आणि प्रत्येक गोष्टीची जागा ठरवून ठेवायचा. आत्याचीही ठरवून ठेवली होती.

"खोलीला चांगली मोठी खिडकी आहे आत्या," तो म्हणायचा.

"खिडकी कैद्यालाही असते," आत्या म्हणायची.

तिच्या या घराला गच्ची होती आणि गच्चीवर बावीस कुंड्या होत्या. त्यांतली कुठली कुठे आहे, हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

*

आत्याचे वडील, आबा, बोटीच्या बॉयलरवर कामाला होते. तंबाखूच्या डबीतून त्यांनी अकरा बिया कशा आणल्या, ही हकिगत या घरात इतक्या वेळा सांगून झाली आहे, की बियांच्या आकड्याखेरीज तिच्यातलं सगळं एव्हाना बदललं असेल. मिरची मात्र बदलली नव्हती. अंगठ्याएवढी, पिकली की लाकडासारखी तपकिरी, आणि टोकाला आत दबलेली. म्हणून ती नकटी. बाजारात ती कधी कुणी पाहिली नाही. फुलांना पिशव्या बांधायच्या कामाला घरात 'नकटीचं लग्न' म्हणत. दर वर्षी कुणीतरी सतराशे विघ्नांची म्हण म्हणायचं, आणि दर वर्षी कुणीतरी हसायचं.

आबांनी तीन नियम घालून दिले होते. आपल्या घरचं बी आपण लावायचं नाही; ते दुसऱ्या घराला द्यायचं आणि दुसऱ्याचं आपण लावायचं. म्हणजे भांडण कितीही झालं तरी वर्षातून एकदा एकमेकांच्या दारात यावंच लागतं. दुसरा नियम, सगळं बी वाटून टाकायचं, मागे एक दाणाही ठेवायचा नाही. साठवून ठेवलं की माणूस आळशी होतो, असं आबा म्हणत. आणि तिसरा, नकटी घराबाहेर जाणार नाही.

सर्व्हेअर भाच्यानं एकदा सुचवलं होतं, की थोडं बी फ्रिजमध्ये ठेवू या, अडीअडचणीला होईल. "आबांच्या बोटीवर फ्रिज नव्हता," असं म्हणून आत्यानं विषय मिटवला होता.

*

थोरला भाचा दहाला पाच कमी असताना आला. बस डेपोत फोरमन, वक्तशीर माणूस, ज्याच्या नखांतलं काळं कधीच पूर्ण जात नसे असा. सहा वर्षांपासून एकटा राहत होता. हातातला डबा टेबलावर ठेवून त्यानं आत्याच्या पायाशी वाकल्यासारखं केलं आणि विचारलं, "नळ गळतोय का अजून?"

"गळतोय. आधी बस."

तो बसला. डबा उघडायची काही घाई दाखवेना. खरी गोष्ट अशी होती, की त्याच्या झाडांना या वर्षी नाकच नव्हतं. मिरच्या लांबट, टोकदार, तिखटजाळ. त्यानं गुपचूप त्यातल्या त्यात आखूड पाच निवडून आणल्या होत्या. मनाशी हिशेब असा, की आपल्या झाडांचं काहीतरी बिघडलं असेल, बाकीच्या दोन घरांत चांगल्या असतीलच. आपण खाली मान घालून बसायचं आणि त्यांचं बी घेऊन घरी जायचं.

मग धाकटा आणि त्याची बायको, धाकटी, आले. धाकटी बेकरीत कामाला होती. वाटपाचा पाव तीच आणायची. पाव अजून कोमट होता. त्यांच्या डब्यात फिकट, जाड सालीच्या मिरच्या होत्या, आणि वाटेत रिक्षात नवराबायकोनं तोच हिशेब केला होता जो थोरल्यानं केला होता.

राहिली आत्या. तिच्या बावीस कुंड्यांतल्या मिरच्या गोल होऊन बसल्या होत्या, हे तिला अंगठ्यानं दीड महिन्यापूर्वीच कळलं होतं. तेव्हा तिनंही हाच हिशेब केला होता. एकाच घराण्यातली माणसं ती, डोकं वेगळं कशाला चालेल?

"काढा," आत्या म्हणाली.

टेबलावर तीन बशा, तीन बशांत लाल दोरा बांधलेल्या मिरच्या. एक लांब, एक जाड, एक गोल. नाक एकीलाही दबलेलं नाही.

पहिल्यांदा धाकटा हसला, पण ते हसू कुठेच पोचलं नाही. "दादा, हे काय? तुझ्यापण?"

"तुझ्यापण म्हणजे? तुला माहीत होतं?"

"आमची झाडं बिघडली असं वाटलं. म्हटलं, तुमच्याकडे असेल."

"मी म्हटलं, तुमच्याकडे असेल," आत्या म्हणाली.

"छान," थोरला म्हणाला. "सगळे पंगतीला आले, आणि स्वयंपाक कुणीच केला नाही."

तरीही पद्धत ती पद्धत. धाकटीनं पावाला लोणी लावलं, प्रत्येक बशीतल्या एका मिरचीच्या पातळ चकत्या केल्या. नकटीचं तिखट लगेच लागत नाही. घास गिळायचा आणि मनात आकडे मोजायचे. सातच्या आसपास कानामागून काहीतरी चढत येतं आणि डोळ्यांना पाणी येतं. थोरल्याची मिरची एक म्हणायच्या आत भडकली. धाकट्याची वीस मोजले तरी गप्प. आत्याची चारला आली आणि पाचला गेली.

"हे ढोबळीचं काम आहे," आत्या म्हणाली.

*

हे ती का म्हणाली, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. तोंडातून गेलं आणि मग परत घेता येईना. धाकटीनं दोन वर्षांपूर्वी बाल्कनीत ढोबळी मिरचीची दोन झाडं लावली होती आणि आत्यानं तेव्हाच नाक मुरडलं होतं. बोट दाखवायला आयती जागा होती.

"ढोबळी?" धाकटी म्हणाली. सुरी तिच्या हातातच होती.

"दोन-दोन झाडं आहेत तुझ्याकडे. तेव्हाच म्हटलं होतं मी, नकटीच्या शेजारी दुसरी मिरची नको. साठ वर्षं सांभाळलेली वस्तू आणि तू..." आत्या थांबली. पुढचं वाक्य तिला सापडेना.

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा लोण्याच्या डबीकडे बघत होता.

"मीपण म्हणालो होतो हिला," तो म्हणाला. "एक वर्ष थांब म्हणून."

"कधी म्हणालात?"

"म्हणजे, मनात होतं."

"मनात होतं!" धाकटीनं सुरी खाली ठेवली. "ढोबळी भरून खाताना काय होतं हो मनात?"

ती उरलेला पाव उचलून आत गेली. ओट्याशी उभी राहून चकत्या कापू लागली, लागणार होत्या त्यापेक्षा कितीतरी जास्त. तिला रडू आलं नव्हतं, राग आला होता, आणि रागाखाली भीती होती. कारण ढोबळीबद्दल ती निर्दोष असली तरी नकटीबद्दल नव्हती.

थोरल्याची बायको, हॉस्पिटलातली नर्स, सहा वर्षांपूर्वी त्याला सोडून गेली. दोघांचं पटत नव्हतं. तो घरी बोलायचा नाही आणि ती हॉस्पिटलातून येईपर्यंत बोलून थकलेली असायची. कुणी कुणाला मारलं नाही, फसवलं नाही, एवढंच. जायच्या दिवशी ती इथे निरोप घ्यायला आली, तेव्हा आत्यानं तिला दारात थांबवून बियांची बरणी परत मागितली. ती पिशवी उघडून बरणी काढून देत होती आणि धाकटी जिन्यात उभी राहून बघत होती. जावा-जावांमध्ये प्रेम असायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नाही, पण या दोघींमध्ये होतं. पुढच्या वर्षीच्या वाटपानंतर धाकटीनं अकरा बिया बेकरीच्या कागदात बांधल्या आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी नेहमीसारखी पाव घ्यायला आलेल्या नर्सच्या हातात दिल्या. पाच वर्षं झाली त्याला. गेल्याच सोमवारी नर्सनं तिला एक मिरची दाखवली होती. नाक असं दबलेलं, की अंगठा ठेवावा.

हे आता सांगितलं तर नकटी वाचत होती. सांगितलं तर ढोबळीचा आळ उतरायच्या आधी दुसरा, खरा, अंगावर येत होता.

बाहेर थोरला बोलायला लागला होता. तो एरवी बोलत नसे, म्हणून धाकटीनं सुरी थांबवली.

"एक मिनिट आत्या. गेल्या वर्षी कुणाचं बी कुणाला गेलं? माझं याला, याचं तुला, तुझं मला. बरोबर?"

"बरोबर."

"मग ढोबळीनं बिघडवलं असेल तर फक्त तुझ्या मिरच्या बिघडायला हव्यात. माझ्याकडे तुझ्या गच्चीवरचं बी होतं. तुझ्या गच्चीवर ढोबळी आहे?"

आत्या बोटानं बशीची कड पुसत राहिली.

"डेपोत एका दिवशी तीन गाड्यांचे ब्रेक गेले," थोरला म्हणाला, "तर आम्ही ड्रायव्हरला धरत नाही. तिन्ही गाड्यांना लायनर कुठून आले ते बघतो. तिन्ही घरांत सारखं काय होतं?"

"माती नाही," धाकटा म्हणाला. "पाणी नाही. आमच्याकडे टाकीचं आणि तुझ्याकडे..." तो थांबला. मोजणी खात्यातला माणूस, एक एक करून खुणा गाठत शेवटच्या खुणेपाशी आला होता. "पिशव्या."

आतला नळ तेवढा गळत होता.

"पिशव्या आहेत का गं गेल्या वर्षीच्या?" थोरल्यानं विचारलं. त्यात आरोप नव्हता. तो खरोखरच सुटा भाग बघायला मागत होता.

"टाकल्या," आत्या म्हणाली.

धाकटी बाहेर आली. सगळ्यांपुढे बशी ठेवली, आणि आत्यापुढे बशी न ठेवता पावाची चकती सरळ तिच्या हातात दिली. बोटांवर आणून टेकवली आणि बोटं मिटेपर्यंत धरून ठेवली. पेला बाकीच्यांसारखा मध्ये न ठेवता टेबलाच्या डाव्या कडेला ठेवला.

आत्याच्या मग ध्यानात आलं, की हे आजचं नाही. गेलं वर्षभर ही पोरगी येईल तेव्हा पेला कडेलाच ठेवते आहे. चष्मा उशीच्या बाजूला नाही, उशीवर ठेवते. दारातल्या चपला भिंतीला लावून ठेवते. हिला माहीत आहे. हिला माहीत होतं आणि तरी ही आत्ता तोंडातून एक शब्द न काढता ढोबळीचा आळ घेऊन उभी आहे.

आत्याला लाज वाटली. अगदी लहानपणी, आबांच्या डबीतलं बी सांडलं तेव्हा वाटली होती तशी.

ती उठली, मशीनचा खण उघडला आणि पिशव्या टेबलावर आणून टाकल्या.

"टाकल्या नव्हत्या," ती म्हणाली. "सकाळी सापडल्या. शिवण सुटलीये. ढोबळीचा काही संबंध नाही. मला सकाळपासून माहीत होतं, आणि तरी मी हिला बोलले."

थोरल्यानं एक पिशवी उजेडात धरून उलटी केली.

"तुझी शिवण सुटली?" धाकटा म्हणाला. "पस्तीस वर्षं..."

"सुई बोथट झाली असेल. जुनं मशीन आहे."

थोरल्यानं पिशवीकडे बघितलं, मग आत्याकडे बघितलं. बोथट सुईचा टाका कसा पडतो हे त्याला माहीत होतं. बसच्या सीटची कव्हरं त्याच्याच देखरेखीखाली शिवली जात. पण तो काही बोलला नाही. या घराण्यात न बोलणं त्याच्याइतकं कुणाला जमत नसे.

"म्हणजे संपली," धाकटा म्हणाला. "मागचं बी कुणाकडेच नाही. आबांचा नियम! मी सांगत होतो फ्रिज..."

"संपली नाही," धाकटी म्हणाली.

*

तिनं सगळं उभ्यानंच सांगितलं. बेकरीचा कागद, पहिला सोमवार, पाच वर्षं. ती सांगत असताना धाकट्याचं तोंड उघडं राहिलं. दर महिन्याला घरी येणारा तो बिनकामाचा जादा पाव कशासाठी होता, हे त्याला आज कळत होतं. नर्स नुसती भेटायला आलीय असं दिसू नये म्हणून पाव विकत घ्यायची आणि तो धाकटीच्याच पिशवीत टाकायची.

"तू मला नाही सांगितलंस?"

"मनात होतं," धाकटी म्हणाली.

थोरला बशीतल्या आपल्या लांबट मिरच्या एका रेषेत लावत बसला होता. "ती लावते?" त्यानं विचारलं. "दर वर्षी?"

"एकटी नाही. आपलं बी आपण लावायचं नाही ना. एक्स-रे काढणारा आहे तिच्याकडचा, आणि एक अँब्युलन्सची ड्रायव्हर आहे. तिघं मिळून फिरवतात. दादा, पहिला आणि दुसरा, दोन्ही नियम पाळतात ते. तिसरा मात्र मी मोडला."

सगळे आत्याकडे बघू लागले. आत्या कुणाकडेच बघत नव्हती, म्हणजे तिला सगळे थोडेथोडे दिसत होते. साठ वर्षं घराबाहेर जाऊ न दिलेली वस्तू घरात मेली होती आणि बाहेर जगली होती. आबा असते तर काय म्हणाले असते याचा तिनं जरा विचार केला. मग तिला आठवलं, की आबांनाही त्या बिया दुसऱ्या कुणीतरी परक्यानंच दिल्या होत्या. घरात इतक्यांदा सांगितलेल्या हकिगतीतला हा भाग कुणी कधी नीट ऐकलाच नव्हता.

"फोन लाव," ती धाकटीला म्हणाली.

"मी बोलू?"

"तू कशाला? बरणी मी मागून घेतली होती. मी बोलते."

धाकटीनं फोन लावून स्पीकरवर टाकला आणि टेबलाच्या डाव्या कडेला ठेवला.

"बोल गं," पलीकडून आवाज आला. मागे चाकांची ढकलगाडी गेली. "आज वाटप ना तुमचं? फोन कसा केलास?"

"मी बोलतेय," आत्या म्हणाली.

पलीकडे ढकलगाडी दूर गेली.

"बोला आत्या."

"नकटी आहे तुझ्याकडे?"

"आहे."

"नाक कसं आहे?"

"आत."

"आमची गेली. तिन्ही घरांतली. पिशव्या माझ्या हातून वाईट शिवल्या गेल्या."

"दारात उभं करून बरणी परत घेतली होतीत तुम्ही माझ्याकडून," नर्स म्हणाली. आवाजात राग नव्हता. पेशंटला आधी काय काय झालं होतं ते कागदावरून वाचावं, तसं ती बोलली.

"घेतली होती. तेव्हा मला ते बरोबर वाटलं होतं." आत्यानं पेला चाचपला, उचलला नाही. "बरोबर नव्हतं ते. मी वाईट वागले तुझ्याशी."

थोरल्यानं मान वर केली. आत्याच्या तोंडून हे वाक्य त्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि त्याला स्वतःला ते सहा वर्षांत कधी जमलं नव्हतं.

"दोनला माझी ड्यूटी संपते," नर्स म्हणाली. "येते."

*

अडीचपर्यंत थोरल्यानं नळ दुरुस्त केला, मग न बिघडलेला दुसरा नळ खोलून परत बसवला. धाकटा गच्चीवर जाऊन आला आणि कुंड्यांच्या ओळी वाकड्या आहेत म्हणाला. धाकटीनं त्याला पुरतं माफ केलं नव्हतं, म्हणून ती फक्त "असू देत" म्हणाली.

बेल वाजली तेव्हा दार थोरल्यानंच उघडलं.

"ये."

"आले."

"चहा टाकू? बिनसाखरेचा."

"आता एक चमचा घेते," ती म्हणाली आणि चपला काढून आत आली.

तो जरा वेळ दारातच उभा राहिला, मग चहा टाकायला गेला.

नर्सनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत सात तपकिरी मिरच्या होत्या. देठांना लाल दोरा नव्हता. टाके घालायचा काळा धागा होता, डॉक्टरी गाठीचा. सोबत तिच्या पिशव्यांचा नमुनाही होता, जखमेवर बांधायच्या गॉजचा. आत्यानं एक मिरची उचलली. डोळ्यांजवळ नेली नाही. अंगठा टोकावर ठेवला आणि तो आपोआप आत बसला. ती तशीच धरून राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते तिनं पुसलंही नाही.

"अजून खाल्ली नाही आत्या, आताच पाणी?" थोरला चहाचे कप घेऊन येत म्हणाला.

चकत्या केल्या. पाचही जणांनी घास गिळला आणि पाचही जण ओठ हलवत मोजू लागले. चारपर्यंत काहीच नाही. धाकट्यानं पाचला चिंतेनं भुवया वर केल्या. सहा. सातला सगळ्यांनी एकदमच श्वास आत ओढला, आणि धाकटी "आई गं" म्हणून पाव शोधू लागली. थोरला आणि नर्स एकमेकांकडे बघून हसले. डोळे लाल, नाक लाल. लग्नानंतरच्या पहिल्या वाटपाला असेच हसले होते. आता त्या हसण्यातून पुढे काही निघणार नव्हतं, तरी हसले.

मग मिरच्या चिरून बिया पांढऱ्या बशीत काढल्या. आणि बशी, पद्धतीप्रमाणे, आत्यापुढे आली. बिया मोजायच्या त्या आत्यानंच. एका पुडीत अकरा, कमी नाही, जास्त नाही. गेली दोन वर्षं ती खिडकीकडे वळून, पाठ करून मोजत असे, आणि पुड्यांत कधी नऊ निघत, कधी तेरा. थोरला ते हसण्यावारी नेत असे.

आज ती खिडकीकडे वळली नाही. बशीच्या पांढऱ्या कडा तिला दिसत होत्या. मध्ये, बिया असायला हव्या होत्या तिथे, राखेच्या रंगाचा एक डाग होता. जिथे बघावं तिथे तो आधीच जाऊन बसलेला असे. समोर धाकटा बसला होता, टेम्पोवाल्याचा नंबर खिशात असलेला. वर बावीस कुंड्या होत्या.

पिशव्या पुन्हा शिवाव्या लागणार होत्या. तिनं शिवल्या तर दोन वर्षांनी याच टेबलावर पुन्हा अशाच तीन बशा येणार होत्या, आणि दर वेळी असा फोन लावता येणार नव्हता.

तिनं बशी नर्सकडे सरकवली.

"तू मोज," ती म्हणाली. "मला दिसत नाही."

धाकट्यानं कप खाली ठेवला. "दिसत नाही म्हणजे?"

"म्हणजे दिसत नाही. दोन वर्षं झाली. सुई चांगली आहे मशीनची, मघाशी खोटं बोलले मी."

"दोन वर्षं! आणि तू त्या जिन्यानं रोज वर... बास. उद्याच्या उद्या मी..."

"मधलं दिसत नाही की कडेचं?" नर्सनं विचारलं.

"मधलं."

"वर कुंड्या किती?"

"बावीस. जिन्यापासून उजवीकडे आठ, कठड्याला सहा, टाकीखाली पाच, आणि तीन मोकळ्या. मधलीचा कान तुटलाय."

नर्स धाकट्याकडे वळली. वॉर्डात नातेवाइकांना बाहेर काढताना वापरायचा आवाज तिनं काढला. "भाऊजी, यांना इथून हलवायचं नाही. इथली पायरी न् पायरी यांना पाठ आहे. नवीन घरात आठ दिवसांत पडतील आणि मांडीचं हाड मोडून घेतील. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावून घ्या. मोजणी येते ना तुम्हाला? मग जिना मोजा."

"आणि पिशव्या?" धाकट्यानं विचारलं. त्याचा आवाज खाली आला होता.

"त्या मी शिवीन," धाकटी म्हणाली. "आत्या बोट घालून तपासतील."

आत्या उठली. वरच्या फळीवर, भिंतीला टेकवून मागे ठेवलेली एक रिकामी बरणी तिनं हातानंच शोधून काढली. सहा वर्षांत ती कुणी वापरली नव्हती. झाकणावर नर्सच्या अक्षरातली चिठ्ठी तशीच होती. बरणी तिनं नर्सच्या पुढ्यात ठेवली.

"या वर्षी तुला द्यायला माझ्याकडे बी नाही," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी ही घेऊन ये. चौथं घर म्हणून."

नर्सनं बरणी हातात घेतली, झाकण फिरवून बघितलं आणि पिशवीत ठेवली. मग बशी जवळ ओढली आणि एकेक बी बोटानं बाजूला सारत, मोठ्यानं, आत्याला ऐकू जाईल असं मोजू लागली. अकरा झाल्या तेव्हा आत्यानं कागद पुढे केला.

"पुडी बांध," ती म्हणाली. "दुसरी घे."